मुंबईंतलीं आमचीं चार बिऱ्हाडें

मराठींत राहत्या जागेला दोन शब्द आहेत, एक घर आणि दुसरा बिऱ्हाड. घर बांधावें लागतें, बिऱ्हाड करावें लागतें. घराला जोतें असतें, परसदार असतें, भिंतीवर वाडवडिलांच्या तसबिरी असतात. बिऱ्हाडाला चार भांडीं, दोन वळकट्या आणि एक भाडेपावती एवढें पुरतें. कोंकणांत कोणी नवखा भेटला, तर वडील मंडळी त्याला 'आपलें घर कोठलें?' असें विचारतात. तींच माणसें मुंबईस आलीं म्हणजे 'हल्लीं बिऱ्हाड कोठें?' असें विचारतात, आणि उत्तर देणाराला त्यांत कांहीं कमीपणा वाटत नाहीं. कारण बिऱ्हाड करून राहणें हाच या शहराचा जुना शिरस्ता आहे. १९२१च्या शिरगणतींत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकीं सुमारें ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले निघाले होते. ज्यांना आपण आज अस्सल मुंबईकर म्हणतों, त्यांचे आजे-पणजे त्या चौऱ्यांशींतले होते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आम्ही उभयतां २०१६च्या पावसाळ्यांत राजापूर तालुक्यांतून मुंबईस आलों. तेव्हांपासून आमचीं चार बिऱ्हाडें झालीं: गिरगांव, परळ, लालबाग आणि दादर. नकाशावर पाहिलें, तर हा सगळा प्रवास दहा किलोमीटरांच्या आंतला आहे. परंतु प्रत्येक मुक्कामीं शहराचें निराळेंच अंग दृष्टीस पडलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-मुली आज कोठल्या ना कोठल्या मोठ्या शहरांत अशींच बिऱ्हाडें मांडीत असतील. त्यांना आणि त्यांची वाट पाहत गांवीं बसलेल्यांना हा वृत्तांत उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

वृत्तांत लिहिण्यास आणखी एक कारण झालें. घरांतले वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतों, ते आई गेल्यापासून गांवच्या घरांत एकटे राहत आले. वय ८१, दृष्टि मंद, आणि घरापासून पक्की सडक पाऊण मैल. त्यांना मुंबईस आणावयाचें, तर गांवच्या घराला कुलूप लागतें; न आणावें, तर रात्रीं झोंप लागत नाहीं. हा प्रश्न गेलें वर्षभर आमच्या घरांत रोज जेवणाच्या वेळीं पानावर बसत असे. जागा पैशानें मिळते, थोडी मिळते पण मिळते. वृद्ध माणसाला ज्या भरंवशावर आणावयाचें, तो भरंवसा या शहरांत कोठें मिळतो, हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधतांना चारही बिऱ्हाडें आम्हांस पुन्हा एकदां मनानें हिंडून यावीं लागलीं.

पहिलें बिऱ्हाड गिरगांवांत, ठाकुरद्वारानजीकच्या एका वाडींत. नात्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांची तेथें पागडीची दीड खोली होती. ते मुलाकडे पुण्यास राहावयास गेले आणि जागा झाडून-पुसून ठेवण्यासाठीं त्यांनीं ती आमच्या स्वाधीन केली. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी हीं गिरगांवांतलीं नांवें ऐकलीं, कीं येथें पूर्वीं बागाइती आणि मळे असावेत हें सांगावें लागत नाहीं. आतां त्या वाड्यांत झाडांच्या जागीं माणसें दाटीनें उभीं आहेत. आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडें आणि त्यांच्यापुढून गेलेली एक लांबलचक लाकडी गॅलरी. आमचें सामान वर चढतें न चढतें, तोंच आमचें आडनांव, गांव, कुलदैवत आणि यंदा आंबा कसा आहे, यांची नोंद मजल्याच्या दफ्तरीं झाली. चौथ्या दिवशीं शेजारच्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणण्याचें काम न विचारतां आमच्याकडे आलें, आणि आठव्या दिवशीं आमची किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर लटकूं लागली. पहाटे पाणी येई. आम्हांस जाग आली नाहीं, तर कोणी तरी आमचें पिंप भरून ठेवी आणि दिवसभर त्याबद्दल ऐकवी.

या गोष्टींचें कौतुक पुष्कळ झालें आहे. चाळीच्या आठवणी लिहिणारे लेखक मराठींत उदंड आहेत. आम्हांस मात्र त्या वेळीं निराळाच प्रश्न पडे. एवढ्याशा जागेंत राहणाऱ्या माणसांनीं इतक्या सार्वजनिक संस्था उभ्या केल्या, त्या कशाच्या बळावर? केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला १८९३ सालीं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें १८९८त. कारवार-कानड्याकडून आलेल्या सारस्वत कुटुंबांनीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५त, गिरगांवाला लागूनच असलेल्या गांवदेवीस, सहकारी गृहसंस्था स्थापिली. आपल्या देशांतील सहकारी घरबांधणीचा तो आरंभ मानतात. आज अवाढव्य झालेली सारस्वत बँक १९१८त एक लहानशी सहकारी पेढी म्हणून गिरगांवांतच जन्मली. डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या खटपटीनें मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला तो १९३५त. उत्सव, पुस्तकें, छप्पर, कर्ज आणि नाटक, माणसाच्या आयुष्याला लागणाऱ्या या पांचही गोष्टी गिरगांवच्या एक-दोन मैलांच्या टापूंत चाळीस-बेचाळीस वर्षांत उभ्या झाल्या.

याचें कारण आमच्या मतें असें, कीं खोलींत मावत नव्हतें तें माणसांनीं बाहेर मांडलें. दहा बाय बाराच्या जागेंत पुस्तकांचें कपाट ठेवावें, तर रात्रीं कोणाला तरी जिन्यावर निजावें लागे. म्हणून पुस्तकें वाचनालयांत गेलीं. घरीं गणपति बसवावयास कोनाडाच होता. म्हणून तो अंगणांत आला. अडीअडचणीला गांवचा सावकार जवळ नव्हता; म्हणून पतपेढी निघाली. टंचाईंतून निघालेली ही व्यवस्था होती, आणि तिच्यामुळेंच परगांवचीं माणसें एका पिढींत या शहराचीं झालीं.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिरगांवची गॅलरी सर्वांना मोकळी नव्हती. जात विचारून खोली द्यावयाची ही रीत पुष्कळ वाड्यांत होती, आणि 'आपल्यांतला' नसलेल्याला जागा नाहीं हें उत्तर ठरलेलें असे. गृहसंस्था आणि पेढ्याही बहुधा एकेका ज्ञातीपुरत्या निघाल्या. आमच्यासारख्यांना आठव्या दिवशीं जो जिव्हाळा मिळाला, त्याचें थोडेंबहुत श्रेय आमच्या आडनांवाला होतें, ही जाणीव त्या गॅलरींत बसतांना अधूनमधून होई.

दोन वर्षांनीं ती चाळ पुनर्बांधणीस निघाली. १९४७च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें जुनीं भाडीं जागच्या जागीं गोठलीं. त्या भाड्यांत मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला तेवढ्या भाड्याची खोली सोडवेना. पागडीचा व्यवहार पुढें १९९९च्या कायद्यानें मान्य झाला, पण तोंवर तुळया कुजूं लागल्या होत्या. शिवाय त्याच सुमारास भुयारी मेट्रोसाठीं गिरगांव-काळबादेवीच्या कांहीं चाळी पाडाव्या लागल्या. ती मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरांत कफ परेडपर्यंत सुरू झाली, आणि आतां गिरगांवास जमिनीखालून जातां येतें. आम्हीं मात्र २०१८त गिरगांव सोडलें तें वरच्या रस्त्यानें, टेंपोंत बसून.

दुसरें बिऱ्हाड परळास, एका उंच इमारतीच्या तेविसाव्या मजल्यावर. दोघांच्या कचेऱ्या जवळ, पाणी चोवीस तास, वारा भरपूर. करार अकरा महिन्यांचा. हा अकरा महिन्यांचा करार म्हणजे आजच्या मुंबईच्या बिऱ्हाडाचें खरें पंचांग होय. त्यांत श्रावण येतो, दिवाळी येते, पण वर्ष कधीं पुरें होत नाहीं. भिंतीला खिळा मारावयाचा, तर मालकाची परवानगी लागते. आणि पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नसूं हें ठाऊक नसल्यामुळें माणूस शेजाऱ्याच्या आयुष्यांतही खिळा मारीत नाहीं. आमच्या मजल्यावर चार दारें होतीं. वर्षभरांत त्यांपैकीं दोहोंवरच्या पाट्या बदलल्या.

२०१९च्या पावसाळ्यांत आम्हां दोघांपैकीं एकाला डेंग्यूचा ताप आला आणि दुसऱ्याला नेमकें त्याच आठवड्यांत कामानिमित्त परगांवीं अडकून पडावें लागलें. औषधें, फळें, तयार जेवण, रक्त तपासणारा मनुष्य, सगळें कांहीं मोबाइलवरून दारांत येत होतें. कशाची म्हणून उणीव नव्हती. चौथ्या दिवशीं दारावरची घंटा वाजली आणि इमारतीचा रखवालदार दारांत उभा दिसला. 'चार दिवस झाले, आपण खालीं उतरला नाहींत, म्हणून पाहावयास आलों,' असें तो हिंदींत म्हणाला. सत्तरांहून अधिक बिऱ्हाडांच्या त्या इमारतींत कोण उतरलें आणि कोण नाहीं, याचा हिशेब ठेवणारा तो एकटा होता. तो जौनपुराकडचा. लालबागेजवळच्या एका चाळींतल्या खोलींत त्याच्याच भागांतले आठ जण पाळीपाळीनें निजत. चौघे दिवसपाळीस गेले, कीं त्यांच्या जागीं रातपाळीचे चौघे येत. जेवण एकत्र, खर्च वांटून, आणि घरीं पैसे धाडण्याचा दिवस सर्वांचा एकच.

हें ऐकून आम्ही चकित झालों. कारण हेंच वर्णन आम्हीं लहानपणीं राजापुराकडच्या वृद्धांच्या तोंडून ऐकलें होतें, फक्त त्यांत माणसें आपलीं होतीं. १८५०च्या दशकांत ताडदेवला पहिली सूतगिरणी निघाली आणि पुढल्या काळांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सबंध मुलूख गिरणगांव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापुराकडचे गडी बायकामुलें गांवीं ठेवून येथें येत. कोंकणांतले भाऊच्या धक्क्यावर उतरत आणि ट्रंक डोकीवर घेऊन गांवकीच्या खोलीचा पत्ता विचारीत जात. त्यांना गांवाकडे 'चाकरमानी' म्हणत, आणि शिमग्याला व गणपतीला त्यांची वाट पाहत. त्यांच्या जेवणासाठीं खानावळी चालविणाऱ्या बायका गिरणगांवांत घरोघर होत्या. दहा-वीस माणसांचे डबे एका चुलीवर आणि पैसे पगाराच्या दिवशीं. या खानावळवाल्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकांचें कर्ज मिळवून देण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५त अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. त्याच्याही पूर्वीं, १९११त, ना. म. जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारवस्तींत वाचनालयें आणि रात्रीच्या शाळा चालविल्या होत्या. गिरगांवच्या कारकुनानें खोलीबाहेर जें मांडलें, तेंच परळच्या कामगारानेंही मांडलें होतें.

याच परळांत, इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरींच वर्षें दोन खोल्यांत राहिले. पुढें १९३०च्या दशकांत ते दादरच्या हिंदू कॉलनींत स्वतः बांधविलेल्या 'राजगृहा'त राहावयास गेले, आणि त्या घराची योजना त्यांनीं पुस्तकांच्या सोयीनें केली होती. ज्याला शहरांतल्या किती तरी गॅलऱ्या बंद होत्या, त्यानें घर बांधतांना पहिली जागा ग्रंथांना दिली, ही गोष्ट बिऱ्हाड मांडणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. संप मागें घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाहीं, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहींत. पुढें त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उठल्या. आमच्या खिडकींतून एक जुनें धुराडें दिसे. धूर नसलेलें धुराडें पाहून नवखा मनुष्य त्याला मनोरा समजे.

२०२०च्या मार्चांत टाळेबंदी झाली, लोकलगाड्या थांबल्या, आणि मे महिन्यांत श्रमिक गाड्या सुटूं लागल्या. आमचा रखवालदार त्यांतल्याच एका गाडीनें गेला. जातांना शिध्याची पिशवी आणि थोडे पैसे आम्हीं बरोबर दिले. पांचव्या दिवशीं त्याचा फोन आला: 'पहुंच गये.' त्याची खुशाली वाट पाहून ऐकणारे या शहरांत आम्ही होतों, आणि आमच्या न उतरण्याची दखल घेणारा तो होता. तेविसाव्या मजल्यावर आम्हांस मिळालेला शेजार तो एवढा.

तिसरें बिऱ्हाड २०२१त लालबागेंत झालें. जुन्या चाळीच्या जागीं बांधलेली सात मजली इमारत, खालीं दुकानें, आणि उन्हाळा लागला कीं मसाल्याच्या गल्लींतून येणारा मिरच्यांचा खकाणा. लालबागेस गणेश गल्लीचा उत्सव १९२८पासूनचा आणि 'लालबागचा राजा' १९३४चा. पेरू चाळीजवळचा उघडा बाजार बंद झाला, तेव्हां कोळी आणि दुकानदार यांनीं कायमच्या बाजाराच्या जागेसाठीं नवस केला, आणि जागा मिळाल्यावर गणपति बसविला. म्हणजे आज जेथें लाखोंची रांग लागते, त्या उत्सवाच्या मुळाशीं विस्थापित झालेल्या विक्रेत्यांची जागेची काळजी आहे. या शहरांत जागेच्या चिंतेपासून देवही सुटला नाहीं.

आमच्या गल्लीचें मंडळ अगदीं लहान होतें. २०२२त दोन वर्षांचे निर्बंध उठून उत्सव मोकळेपणानें झाला, तेव्हां वर्गणीबरोबर आमचीं नांवेंही लिहून घेण्यांत आलीं आणि आम्हांस पाण्याच्या पिंपापाशीं रात्रीं नऊ ते बारा उभें राहण्याचें काम मिळालें. तेथें एका वृद्ध गिरणीकामगारांची ओळख झाली. त्यांच्या गांवच्या मंडळाची खोली अजून त्यांच्या देखरेखीखालीं आहे. खोलीची जुनी वही त्यांनीं आम्हांस दाखविली. प्रत्येक गाळेकऱ्याच्या नांवापुढें महिन्याची वर्गणी; एकाला एक ट्रंक व भिंतीवरची एक खुंटी, याहून जास्त जागा नाहीं; कोणी आजारी पडल्यास त्याच्या डब्याचे पैसे सामाईक खर्चांतून; आणि कोणी वारल्यास गांवीं तार करून क्रियाकर्म करण्याची जबाबदारी खोलीची. वहीच्या शेवटच्या पानांवर तारांचा खर्च नोंदलेला होता. तारखा आणि रकमा, बाकी कांहीं नाहीं. ती पानें आम्हीं मुकाट्यानें उलटलीं.

मग ते म्हणाले, 'खोलीवर गांवांतला कोणी आला नाहीं, तर तासाभरांत शोध सुरू होई. गिरणीच्या दारापाशीं, इस्पितळांत, मग चौकींत. आतां पोरांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या, चांगलें झालें. पण कोण घरीं परतला नाहीं, हें कळायला आतां महिना लागतो.' हें त्यांनीं तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. बी. डी. डी. चाळींत त्यांचे भाऊ राहतात. १९२०च्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें अशा २०७ इमारती बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्यांच्या जागीं आतां उंच इमारती होत असून प्रत्येक बिऱ्हाडाला ५०० चौरस फुटांचें मालकीचें घर मिळावयाचें आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना २०२५च्या ऑगस्टांत किल्ल्या मिळाल्या. जिनें शंभर वर्षें सामाईक संडासाच्या रांगेंत उभें राहून काढलीं, त्या कुटुंबाला स्वतंत्र न्हाणीघर मिळालें, याचा आनंद न मानणें हा कृतघ्नपणा होईल. चाळीची गोडी गाणाऱ्यांनीं ती रांग विसरूं नये. म्हणून आमचा प्रश्न चाळ बरी कीं मजला बरा असा नाहींच. टंचाईनें जें आपोआप घडवून आणलें, तें सुबत्तेंत आपोआप घडणार नाहीं. तें आतां ठरवून करावें लागेल, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

चौथें आणि चालू बिऱ्हाड २०२३पासून दादरास आहे. ठरवून केलेल्या वस्तीचा दादर हा जुना नमुना आहे. १८९६त मुंबईंत प्लेग आला, दाट वस्त्यांतून माणसें पटापट मेलीं, आणि १८९८त इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, झाडें आणि मोकळ्या जागा आंखून नव्या वसाहतींची पायाभरणी केली. पश्चिमेचें विस्तीर्ण मैदान पालिकेनें १९२५त लोकांसाठीं खुलें केलें, आणि १९२७त त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. ज्या १८९८ सालीं सरकारनें रस्ते आंखण्यासाठीं ट्रस्ट काढला, त्याच सालीं लोकांनीं ग्रंथसंग्रहालय काढलें, हा योग आम्हांस फार बोलका वाटतो. शहर वसवावयास दोन्ही लागतात. मात्र रस्ता दुसरा कोणी आंखून देतो आणि वाचनालयाची वर्गणी आपण स्वतः भरावी लागते.

येथें आल्यावर आम्हीं दोन गोष्टी ठरवून केल्या. पहिली ही, कीं वाचनालयाचे सभासद झालों आणि पुस्तकें बदलावयास स्वतः जाऊं लागलों. दुसरी गोष्ट योगायोगानें पदरांत आली. परळास के. ई. एम. रुग्णालय १९२६पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१पासून आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि परप्रांतांतूनही आजाऱ्यांना घेऊन माणसें तेथें येतात. त्यांच्या निवाऱ्यासाठीं या भागांत धर्मशाळा आहेत. त्यांपैकीं एकींत दर बुधवारीं संध्याकाळीं आम्ही दोघें जाऊं लागलों. काम साधें आहे: मदतनिधीचे अर्ज भरून देणें, इंग्रजींतला अहवाल मराठींत समजावून सांगणें, उद्यां कोणत्या खिडकीवर कोणता कागद न्यावयाचा हें मोठ्या अक्षरांत लिहून देणें. हींही बिऱ्हाडेंच आहेत. कोणाचें पंधरा दिवसांचें, कोणाचें सहा महिन्यांचें. आणि कांहीं बिऱ्हाडें परत जातांना एक माणूस कमी होऊन जातात.

गेल्या वर्षीं एका बुधवारीं पावसानें रस्ते तुंबले आणि आमचें जाणें झालें नाहीं. पुढच्या खेपेस बुलढाण्याकडच्या एका आजी दाराशींच भेटल्या. त्यांच्या नातवावर उपचार चालू होते. त्या म्हणाल्या, 'मागच्या बुधवारी तुम्ही आले नाहीत. दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. मग कागद उशाखाली ठेवून दिला, म्हटलं येतील.' त्यांनीं तो घडी घातलेला कागद काढून आमच्या हातीं दिला. त्या रात्रीं परत येतांना हिंदमाताच्या चौकांत आम्ही दोघें बराच वेळ न बोलतां चाललों. या शहरांत आम्हांस दहा वर्षें होत आलीं. आधारकार्डावर येथला पत्ता आहे, मतदारयादींत नांवें आहेत. परंतु आपण न गेल्यामुळें कोणाचा तरी कागद उशाखालीं राहतो, असें ठिकाण आम्हांस लाभलें तें तेव्हां. गिरगांवच्या आजींच्या गोळ्या, लालबागच्या खोलीची वही आणि रखवालदाराची ती घंटा, या सर्वांचा अर्थ तेव्हां एकदम उलगडला. आपलें नसणें जेथें कोणाच्या तरी ध्यानांत येतें, तेथें आपण राहतों. बाकी ठिकाणीं आपलें सामान राहतें.

आतां नानांविषयीं. नवा मनुष्य उंच इमारतींत एकटा पडतो आणि जुन्या वस्तींत रमतो, एवढ्यावर त्यांचा निर्णय करणें आम्हांस पटलें नाहीं. आम्ही दोघें दिवसभर बाहेर असतों. दादरच्या तिसऱ्या मजल्यावरही बंद दाराआड ८१ वर्षांचा मनुष्य तेवढाच एकटा. म्हणून त्यांना कायमचें येण्याचा आग्रह न करितां मार्गशीर्षांत एक महिनाभर बोलाविलें, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांना तीन ठिकाणीं गुंतविलें. सकाळीं शिवाजी पार्काच्या कठड्यावर बसणाऱ्या वृद्धांच्या घोळक्यांत, दुपारीं वाचनालयांत, आणि बुधवारीं आमच्याबरोबर धर्मशाळेंत. दृष्टि मंद, म्हणून वाचन त्यांना जमत नाहीं; परंतु त्यांना गोष्टी पाठ आहेत, आणि धर्मशाळेंत मुलें आहेत. पहिल्या बुधवारीं त्यांनीं इसापाच्या दोन गोष्टी आणि राजापूरच्या गंगेची हकीकत सांगितली. तिसऱ्या बुधवारीं मुलें आमच्या आधीं त्यांची चौकशी करूं लागलीं.

महिना संपला तेव्हां आम्हीं त्यांना विचारलें. नाना लगेच कांहीं बोलले नाहींत. गांवच्या घराचें काय, हा प्रश्न त्यांनीं आधीं सोडविला: माजघर शेजारच्या कुटुंबाला वापरावयास द्यावयाचें, देवघराची किल्ली त्यांच्याचकडे ठेवावयाची, आणि वैशाखांत दोन महिने आपण तेथें जाऊन राहावयाचें. 'कुलूप लावूं नका,' एवढी एकच अट त्यांनीं घातली. मग सावकाश म्हणाले, 'येतों. पण बुधवार चुकवूं नका.'

चालू करार येत्या ज्येष्ठांत संपतो. मालकांना ही जागा मुलासाठीं हवी आहे, तेव्हां पांचवें बिऱ्हाड शोधणें आलें. मागच्या चारही वेळां आम्हीं भाडें पाहिलें, कचेरीचें अंतर पाहिलें, पाणी आणि वारा पाहिला. या खेपेस दलालाला एक नवीन माप सांगितलें आहे: खोली लहान चालेल, मजला कोणताही चालेल, परंतु धर्मशाळेपासून नानांना काठी टेंकीत चालत जातां-येतां आलें पाहिजे. दलालानें तें ऐकून घेतलें आणि आपल्या वहींत 'स्टेशनजवळ' असें लिहिलें. आम्हीं त्याला पुन्हा एकदां समजावून सांगितलें आहे.